निकाल आणि मतदारयादी : कर्जत व खालापूर

निवडणुकीचा निकाल वर्तमानपत्रांत आला म्हणजे कोण निवडून आला हें आपण प्रथम पाहतों. किती मतांनीं आला हें मागाहून पाहतों. आणि निकाल एखाद्या गांवच्या पंचायतीचा किंवा लहानशा नगरपालिकेचा असला तर तेवढीही तसदी न घेतां पान उलटतों. विधिमंडळाच्या निवडणुकीसाठीं रात्र जागून काढणारा सुशिक्षित गृहस्थ, आपल्या प्रभागाचा सभासद कोण असें विचारलें असतां गोंधळतो, हा अनुभव कांहीं नवा नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्याची दृष्टि मात्र थोडी निराळी असावी लागते. कोण जिंकला या प्रश्नाच्या अगोदर त्याला दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो : त्या दिवशीं मत देण्यास कोण आले होते, आणि यादींत नांवच नसल्यामुळें कोण आले नाहींत? आजच्या भाषणांत हा प्रश्न कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता विचारावा असा माझा हेतु आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांनीं कर्जत पाहिलें आहे, पण तें गाडीच्या खिडकींतून. घाट चढण्याकरितां गाडीला मागून एंजिनें जोडतात, तेवढ्या वेळांत बटाटेवडा घ्यावयाचा, आणि गाडी हलली कीं बोगदे मोजावयास लागावयाचें. खालापूर तर तेवढेंही दिसत नाहीं. पुण्याच्या द्रुतगति मार्गावरील टोलनाका एवढीच त्याची मुंबईकरांस ओळख. वस्तुतः एकीकडे उल्हास नदीचें व दुसरीकडे पाताळगंगेचें अशीं हीं दोन खोरीं आहेत. पूर्वेस सह्याद्रीचा कडा आणि पश्चिमेस माथेरानची रांग. तळाला भातशेतीचीं गांवें आणि उतारावर ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्-केंद्र खोपोलीस सुरू झालें, १९२२ सालीं दुसरें भिवपुरीस झालें, आणि घाटावरून पडणाऱ्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाऊं लागली. मुंबईला जें जें हवें तें या मुलखांतून गेलें. येथें थांबलें फार थोडें. या तारा आपण ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढें त्यांची पुन्हां गांठ पडणार आहे.

जुन्या कारभारांत हे दोन तालुके दोन नव्हते. खालापूर हा कर्जत तालुक्याचा एक पेटा होता, आणि कर्जत स्वतः १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें. त्या वर्षीं तें कुलाब्यास जोडण्यांत आलें. तेव्हां येथील स्थानिक स्वराज्याचा जन्म झाला तो ठाणें जिल्ह्याच्या दप्तरांत. जन्म तरी कसला, तर एका आण्याचा! जमिनीच्या सरकारधाऱ्यावर दर रुपयामागें एक आणा जास्त घ्यावयाचा आणि त्यांतून रस्ते, शाळा, विहिरी कराव्या, अशी पद्धति १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत पडली, व १८६९ च्या कायद्यानें ती पक्की झाली. लोक तिला लोकलफंड म्हणत. पैसा रयतेचा आणि खर्च ठरविणारी कमिटी सरकारनें नेमलेली, असा तो मामला होता.

१८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें आपला प्रसिद्ध ठराव काढला. कारभार सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांस राजकीय शिक्षण मिळेल म्हणून स्थानिक मंडळांत लोकनियुक्त सभासद असावे, हा त्यांतला मुख्य विचार. त्यास अनुसरून मुंबई सरकारनें १८८४ सालीं लोकल बोर्डांचा कायदा केला. जिल्ह्याला एक बोर्ड आणि तालुक्याला एक बोर्ड, आणि त्यांत कांहीं सभासद निवडणुकीनें यावयाचे.

येथें एक तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. ज्या राज्यकर्त्यांनीं आम्हांस हा धडा घालून दिला त्यांच्याच घरीं, स्कॉटलंडांत, ग्रामीण परगण्यांचा कारभार त्या वेळीं ‘कमिशनर्स ऑफ सप्लाय’ नांवाच्या जमीनदारांच्या मंडळाकडे होता. ते निवडून येत नसत. जमीन होती म्हणून बसत. तेथील परगण्यांना लोकनियुक्त कौन्सिलें देणारा कायदा १८८९ सालीं झाला आणि पहिली निवडणूक १८९० च्या फेब्रुवारींत झाली. म्हणजे तालुक्याच्या बोर्डावर कोणाला पाठवावें हें विचारण्याची सोय कर्जतच्या कायद्यांत आली, त्यानंतर पांच वर्षांनीं ती स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत पोंचली. मात्र एवढ्यावर छाती फुगविण्याचें कारण नाहीं. स्कॉटलंडच्या कौन्सिलांचा अध्यक्ष कौन्सिलांनीं निवडला; आमच्या जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर, आणि तालुका बोर्डावर प्रांतसाहेब. सभासदानें ज्याच्या कारभाराची चौकशी करावयाची, तोच खुर्चीवर बसलेला असे. पुढें स्कॉटलंडनें आपली पद्धति पुनःपुन्हां बदलली. २००७ पासून तर तेथें मतदार उमेदवारांपुढें एक, दोन, तीन असे पसंतीचे आंकडे घालतो व एका प्रभागांतून साधारणतः तीन-चार सभासद येतात, म्हणून हरणाऱ्या बाजूचीं मतेंही अगदींच वायां जात नाहींत. ही शेवटली गोष्ट मी पुढें वापरणार आहें.

आतां यादीकडे वळूं. लोकल बोर्डाच्या निवडणुकींत मत असे तें जमीन, इनाम, करभरणा अशा कसोट्यांवर. कर्जतच्या पेठेंतला व्यापारी, गांवचा पाटील, मोठा खातेदार, इनामदार हे त्या कसोटीला उतरत. भातशेतीवर राबणारें कूळ सहसा उतरत नसे. आणि उतारावरच्या वाडींतल्या ठाकूर-कातकऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. कातकरी हें नांवच काताच्या धंद्यावरून पडलेलें. खैराचें लांकूड उकळून कात काढावा, लांकूडतोड व कोळसा करावा, पावसांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जावें. ज्या जमिनीवर झोंपडी, ती जमीनही पुष्कळदां दुसऱ्याच्या नांवाची. सरकारधारा तो प्रत्यक्ष भरीत नसे म्हणून तो मतदार नव्हता. परंतु ज्या शेताचा धारा भरला जाई त्यांत त्याचा घाम होताच. तेव्हां त्या काळचे निकाल वाचतांना, हा तालुक्याचा कौल नसून तालुक्यांतील सातबाऱ्याचा कौल होता, असें समजून वाचावे.

१९२३ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभासदांचें प्रमाण वाढलें, अध्यक्ष बिनसरकारी झाले, मताधिकारही कांहींसा खालीं उतरला. स्थानिक मंडळाचा ठराव ही केवढी मोठी वस्तु होऊं शकते, हें याच सुमारास याच जिल्ह्यानें पाहिलें. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांनीं सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं त्याला अनुसरून चवदार तळें खुलें केलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं त्याच म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. लोकनियुक्त म्हणविणाऱ्या सभेनें दिलेलें पाणी लोकनियुक्त म्हणविणाऱ्या सभेनेंच परत घेतलें! त्या सभेचे मतदार कोण होते, हें पाहिलें म्हणजे या उलटसुलट वागण्याचें फारसें कोडें राहत नाहीं. न्याय शेवटीं १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत मिळाला.

आतां कर्जत तालुक्यांतलेंच, पण सर्वस्वीं निराळें असें एक गांव घेऊं. तें गांव म्हणजे माथेरान.

१८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशीं चौक गांवीं होता. हें चौक आज खालापूर तालुक्यांत आहे. गांवचीं माणसें बरोबर घेऊन साहेब वर चढले, थंड हवा व दाट झाडी पाहून प्रसन्न झाले, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत परत आले. यास माथेरानचा शोध म्हणतात. डोंगरावर अगोदरपासून वावरणारे धनगर, ठाकूर आणि कातकरी यांना तो डोंगर हरवल्याची वार्ता नव्हती. पण तें असो. पुढें गव्हर्नरसाहेब आले, मग मुंबईचे धनिक आले, बंगले उठले. १९०५ सालीं म्युनिसिपालिटी झाली आणि १९०७ सालीं आदमजी पीरभाईंच्या घराण्यानें बांधलेली दोन फुटी रुळांची गाडी नेरळाहून वर आली. चौकच्या वाटेनें एक अधिकारी पायीं चढला आणि सत्तावन्न वर्षांत त्या डोंगरावर आगगाडी पोंचली!

ज्यांनीं माथेरान केवळ दिवाळींत किंवा मे महिन्यांत पाहिलें आहे त्यांस तेथें दोन गांवें एकत्र नांदतात याची कल्पना येत नाहीं. एक बंगल्यांचें गांव. त्याचे मालक मुंबईस. हंगाम सरला कीं खिडक्यांना झांपें लागतात. दुसरें गांव हमाल, घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे, न्हावी, धोबी, दुकानदार यांचें. धोधो पावसांत, लाल चिखलांत, तें तेथेंच असतें. मोटारीला वर बंदी असल्यामुळें प्रत्येक ट्रंक, प्रत्येक तांदुळाचें पोतें आणि पुष्कळदां प्रत्यक्ष पाहुणा माणसाच्या किंवा घोड्याच्या बळावर जावयाचा. अशा ठिकाणीं म्युनिसिपालिटी कोणाची, हा प्रश्न तात्त्विक राहत नाहीं. दिवे कोणत्या रस्त्यावर लावावयाचे, पाणी आधीं कोठें सोडावयाचें, हमालीचा दर किती, हें तेथें ठरतें.

या दुसऱ्या गांवांत, एका गरीब नाभिक कुटुंबांत, १ डिसेंबर १९१२ रोजीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पुढें सर्व मुलूख त्यांस भाई कोतवाल म्हणून ओळखूं लागला. ते शिकले, वकील झाले. वकिलाला मुंबईस राहून पोट भरतां आलें असतें. ते परत आले. सावकाराच्या कर्जांतून कूळ सुटावें म्हणून त्यांनीं धान्याच्या पेढ्या काढल्या. पेरणीच्या दिवसांत धान्य उसनें द्यावयाचें आणि सुगींत परत घ्यावयाचें, अशी ती साधी योजना. खेड्यांत शाळा काढल्या. आणि १९४१ सालीं ते माथेरानच्या म्युनिसिपालिटीवर निवडून येऊन उपनगराध्यक्ष झाले.

वर्तमानपत्रांतल्या एका ओळीचा हा निकाल. परंतु त्या ओळींत काय सांठलें आहे तें पाहा. मताधिकार अद्याप सर्वांना नव्हता. कर आणि मालमत्ता यांच्या अटी होत्याच. तरीही, ज्या डोंगरावर न्हाव्याच्या मुलानें बंगल्याच्या मागच्या दारानें आंत जावें अशी रीत, तेथें न्हाव्याचा मुलगा सभागृहांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसला. माझ्या मतें कर्जत-खालापूरच्या स्थानिक इतिहासांत याच्याइतका अर्थपूर्ण निकाल दुसरा नाहीं. पंचायती व पालिकांच्या यशाचें मोजमाप आपण रस्त्यांच्या मैलांनीं करतों. तें चूक नाहीं, पण त्या १९४१ च्या निकालाला तें माप पुरत नाहीं.

त्या खुर्चीवर ते फार दिवस बसले नाहींत. ऑगस्ट १९४२ चें आंदोलन पेटलें आणि भाई कोतवाल भूमिगत झाले. कर्जत-मुरबाडच्या रानांत ‘आझाद दस्ता’ उभा राहिला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत या दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. मघां ज्या तारा ध्यानांत ठेवावयास सांगितल्या त्या याच. ज्यांच्या डोक्यावरून वीज जात होती आणि ज्यांच्या झोंपडींत चिमणीच मिणमिणत होती, त्यांच्यांतलीं माणसें या दस्त्यांत होतीं. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे सिद्धगडच्या जंगलांत पोलिसांनीं त्यांना गांठलें. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल दोघेही तेथें गोळ्यांना बळी पडले. त्या दिवशीं कोतवालांच्या वयाला तीस वर्षें आणि एक महिना पुरा झाला होता.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाचें तत्त्व आलें आणि यादी एकदम मोठी झाली. तालुका बोर्डें त्याआधींच मोडलीं होतीं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या सुरू झाल्या तेव्हां तालुक्याला स्वतःची लोकनियुक्त सभा नव्या रूपानें परत मिळाली. १ जानेवारी १९८१ रोजीं कुलाब्याचें रायगड झालें. १९९३ च्या घटनादुरुस्तीनें स्त्रियांना जागा राखल्या गेल्या, २०११ पासून महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. कर्जतच्या नगरपालिकेंत २०१९ च्या जानेवारींत मतदारांनीं थेट निवडलेल्या नगराध्यक्ष सुवर्णा जोशी या एक स्त्रीच होत्या. हा सगळा प्रवास शाळकरी पुस्तकांत सांपडतो; त्यावर अधिक वेळ घालवीत नाहीं.

यादींत नांव आलें म्हणजे प्रश्न संपला काय? वाडीचा विचार केला म्हणजे संपला नाहीं असें दिसतें. येथें अनेक वाड्यांची मिळून, किंवा एका मोठ्या गांवाला वाड्या जोडून, एक ग्रामपंचायत असते. गांव रस्त्यावर, वाडी डोंगरावर. गांवाचीं मतें हजारांत, वाडीचीं शेंदीडशें. बहुमताच्या साध्या गणितांत वाडी नेहमींच हरते, आणि एक-दोन-तीन असे पसंतीचे आंकडे घालून अल्पमताला जागा देणारी स्कॉटलंडची युक्ति आमच्याकडे नाहीं. १९९६ चा ‘पेसा’ कायदा वाडीच्या स्वतंत्र ग्रामसभेला मान देतो, पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता. आणि रायगड जिल्हा त्या क्षेत्रांत मोडत नाहीं. शेजारच्या ठाणें जिल्ह्याचा कांहीं भाग मोडतो. १८९१ सालीं कर्जत ठाण्यांतून काढलें नसतें तर काय झालें असतें, असा एक निरुपयोगी विचार माझ्या मनांत येऊन जातो. शिवाय कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर परगांवीं जातात तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. रायगड जिल्हा परिषदेची २०१७ ची निवडणूक फेब्रुवारींत झाली, २०२२ सालच्या पुष्कळ ग्रामपंचायतींची डिसेंबरांत. मतदार यादींत असतो आणि भट्टीवर असतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं चौकच्या हद्दींतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकुरांचीं अठ्ठेचाळीस कुटुंबें, वस्ती २२८ माणसांची. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसें सांपडलीं नाहींत. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, म्हणून मदतीचीं यंत्रें वर जाऊं शकलीं नाहींत. माणसें दीड तास पायीं चढून गेलीं आणि फावड्या-कुदळींनीं उकरूं लागलीं. हें तेंच चौक. ज्या चौकाहून १८५० सालीं साहेब एका डोंगरावर चढला तेथें सत्तावन्न वर्षांत आगगाडी गेली. त्याच चौकाच्या दुसऱ्या डोंगरावर, पाउणशें वर्षें मत देणाऱ्या माणसांना, एक गाडीरस्ता मिळाला नव्हता. बंगल्यांत मतें किती होतीं आणि वाडींत किती, हें मोजून या फरकाचा उलगडा होत नाहीं.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीची. रायगड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चांत संपलेली होती आणि आरक्षणाच्या वादामुळें निवडणुका थांबलेल्या होत्या. इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हां चौकच्या लोकांना जाब विचारण्यासाठीं जिल्हा परिषदेचा सभासदच नव्हता; कारभार सरकारी प्रशासकाकडे होता. १८८४ च्या कायद्यांत खुर्चीवर कलेक्टर असे तरी खालीं थोडे लोकनियुक्त बसत. या वेळीं तेही नव्हते. पुष्कळ नगरपालिकांची हीच अवस्था होती. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें आदेश दिल्यानंतर २ डिसेंबर २०२५ रोजीं राज्यांतील नगरपालिकांचें मतदान झालें. कर्जत, खोपोली आणि माथेरान या तिन्ही ठिकाणीं मतपेट्यांच्या जागीं यंत्रें मांडलीं गेलीं.

माथेरानच्या मतदारांपुढें त्या वेळीं जुनाच एक प्रश्न नव्या रूपानें उभा होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, माणसानें माणसाला ओढणें हें मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असें ठरवून, माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या व त्या ओढणारांना विजेच्या रिक्षा द्याव्या असा हुकूम केला. त्या विजेच्या रिक्षा कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यावयाच्या, त्याची यादी करण्याचें काम यावयाचें होतें.